शंका कुणाला विचारायची?

तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून बोईसरच्या खोलीवर आलेला एखादा मुलगा 'स्वयं'वर तत्त्वज्ञानाचा प्राथमिक कोर्स लावतो. २०१७ पासून ही सोय आहे. शिकायला फुकट, परीक्षेला तेवढी फी. मी तिला नावं ठेवणार नाही. डोळा लागला तर व्हिडिओ थांबवता येतो, आमच्या वर्गात हे कुठलं? पण प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसची लिखित शब्दाबद्दल तक्रार आहे: काहीही विचारा, तो तेच ते सांगतो. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचंही तेच. त्या मुलाची शंका अशी असणार, की त्याच कामाला कंत्राटी माणसाला पगार कमी, हा न्याय का? याला अ, ब, क, ड पर्याय कसे देणार? आठवड्यातून तासभर तरी त्याला पालघरच्या एखाद्या कॉलेजात मास्तरासमोर बसू द्या, भांडू द्या.