शाबूत प्रत आणि वाचलेली प्रत

जुन्या कॉमिक्सच्या खरेदी-विक्रीत अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो: ग्रेडिंग. अंक कोणता, चित्रे कोणाची, मजकूर कसा, हे नंतर. आधी ‘ग्रेड किती येईल?’ नांदेड-लातूरच्या रद्दीवाल्यांपर्यंतही हा प्रश्न आता पोहोचला आहे. या प्रश्नामागची मूल्यदृष्टी मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ला लावली तर काय हाती लागते आणि काय निसटते, हे तपासणे गरजेचे वाटते.

ही पद्धत अमेरिकेतली. २००० साली तिथे सर्टिफाइड गॅरंटी कंपनी सुरू झाली. संग्राहकाने पाठवलेल्या अंकाची पाने मोजतात, कणा, कोपरे, पिना, कागदाचा रंग पाहतात, ०.५ ते १० या पट्टीवर गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. पेटी उघडली की गुण गेले. या व्यवस्थेने एक चांगले काम नक्कीच केले. चोरून केलेली डागडुजी, रंगवलेली कड, बदललेले पान यांना आळा बसला आणि अनोळखी माणसांत विश्वासाने व्यवहार होऊ लागला. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १९३८ चा अंक दहा सेंटला मिळत असे. त्याची ९.० गुणांची प्रत २०१४ साली सुमारे ३२ लाख डॉलरना गेली.

पण ही पट्टी मोजते काय? अंक किती कमी हाताळला गेला, हे. घडी, डाग, नाव, शिक्का, फाटलेला कोपरा हे सगळे दोष. वितरकाच्या तारखेचा छोटा शिक्का तिथेही बऱ्यापैकी खपवून घेतात. वाचकाच्या खुणांना मात्र अशी सवलत फारशी नाही. दहापैकी दहाच्या जवळ जाणारी प्रत म्हणजे बहुधा कोणी न वाचलेली प्रत.

आता आपल्याकडे पाहू. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले. १९९० मध्ये ते बंद पडले. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या, हलवल्या गेल्या. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून बेंगाल्लाचे डेंकाली झाले, खलनायक रामाचा रामालू झाला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. त्याला रूप दिले गोविंद ब्राह्मणिया यांनी. हे सारे बदल अभ्यासायचे तर प्रती शेजारी शेजारी उघडून पान पानाशी ताडून पाहावे लागते. पेटीत बंद असलेल्या अंकाचे फक्त मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दिसते. अभ्यासकाच्या दृष्टीने तो अंक असून नसल्यासारखाच.

नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर इथून मी जमवलेल्या प्रतींत कोरी म्हणावी अशी जवळपास नाही. ‘सातवी ब’ असे लिहून खाली नाव. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाचा जांभळा शिक्का. एका अंकावर तर दोन गावांच्या दोन दुकानांचे शिक्के आहेत, म्हणजे तो अंक एका गावात फिरून दुसऱ्या गावात पुन्हा भाड्याने लागला. कोपऱ्यांवर बोटांचे तेलकट डाग. ते हाणामारीच्या पानांपेक्षा कवटीच्या गुहेच्या पानांवर अधिक. मराठवाड्यात मुलांनी काय वाचले, किती हातांतून वाचले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. ती नोंद या डागांत आहे.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे बांधीव खंड. दहा-बारा अंक एकत्र शिवून, कडा छाटून, वर पुठ्ठा आणि कापडी कणा लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. कडा छाटलेली प्रत ग्रेडिंगच्या बाजारात फार खाली जाते. पण माझ्याकडच्या एका खंडात वेताळ, बहादूर, ‘अमर चित्रकथा’ आणि ‘चांदोबा’ची सुटी पाने एकापुढे एक शिवलेली आहेत. मुंबईच्या दोन प्रकाशनांतला आणि मद्रासच्या मासिकातला भेद त्या वाचकाने मानलेला नाही. आपण समीक्षक पौराणिक, साहसी, लोककथात्मक असे कप्पे करतो. त्याने एकच कथाविश्व बांधले. असा खंड म्हणजे वाचकाने केलेले संपादनच. लातुरात एका विक्रेत्याने अशाच एका खंडाची शिवण उसवून त्यातला एकच अंक बाजूला काढलेला मी पाहिला. ‘बाकीचे किलोवर न्या,’ म्हणाला.

मूळ चित्रांची गोष्ट वेगळी. तिथे प्रत एकच असते, त्यामुळे पट्टीचा प्रश्न येत नाही. पांढऱ्या रंगाने झाकलेली रेघ, चिकटवलेला संवाद, समासातली सूचना यांनी तिचे मोल वाढते. माइक झेकने १९८४ च्या ‘सिक्रेट वॉर्स’साठी काढलेले स्पायडरमॅनचे एक पान २०२२ साली ३३.६ लाख डॉलरना विकले गेले. जॅक कर्बीला मात्र स्वतःची पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हलशी बरीच वर्षे झगडावे लागले. मूळ चित्र म्हणजे छपाईचा कच्चा माल, ही समजूत तिकडेही होती.

आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी १९६५ पासून ‘हसरी गॅलरी’त मूळ व्यंगचित्रे भिंतीवर मांडली, तेव्हा मासिकातले चित्रही चित्र असते हे मराठी रसिकाला दिसले. ‘अमर चित्रकथा’च्या ‘कृष्ण’चे आणि पुढे सुपंडीचे चित्रकार राम वाईरकर यांच्या रेषेलाही तशीच भिंत मिळायला हवी. पण एक लक्षात ठेवावे. इंग्रजी आवृत्तीसाठी काढलेल्या मूळ पानावर मराठी संवाद नसतो. मराठी अक्षरे फुग्यात येतात ती छपाईच्या टप्प्यावर. म्हणून मराठी वेताळाचे मूळ शोधायचे तर ते त्या छापील, मळक्या अंकातच सापडते.

कागद लाकडाच्या लगद्याचा, नांदेडचा उन्हाळा बेचाळीस अंशांचा. पाने पिवळी पडून कडेने तुटतात. तेव्हा जतन करावेच. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढाव्यात, अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात आडवे ठेवावेत. गुणांच्या जागी प्रत्येक प्रतीचे वर्णन लिहावे: शिक्के, नावे, खोडलेली किंमत, गहाळ पाने, कुठून मिळाली. बांधीव खंड उसवू नये. आपल्या तालुका वाचनालयांनी एवढे केले तरी पुरे. बाजार त्याची पट्टी घेऊन येणारच आहे; तो येण्याआधी आपली नोंदवही तयार असावी.