फरशी हलते तिथे

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळला, त्यांना ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून गेम सुरू करायचा आणि शिफ्ट-एल दाबून अवघड लेव्हल ओलांडायची, ही चोरवाट पाठ असते. जॉर्डन मेकनरचा हा गेम १९८९ मध्ये ॲपल टूवर आला, पुढच्या वर्षी डॉसवर. डॉसच्या त्या आवृत्तीवर चाहते आजतागायत स्वतःच्या लेव्हल रचत आले आहेत. ‘फोर-डी प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही अशी रचना १९९४ मधली. हौशी माणसांचं हे काम मला मूळ गेमइतक्याच बारकाईने वाचावंसं वाटतं. यात रचणाऱ्याला नवा नियम करता येत नाही, त्याच्या हाती असते ती निव्वळ मांडणी.

ती तरी किती? एका लेव्हलला जास्तीत जास्त २४ खोल्या. प्रत्येक खोलीत तीन मजले आणि मजल्यावर दहा घरं, म्हणजे ३० घरं. खोलीत पहारेकरी एकच. सगळी लेव्हल अडीच किलोबाइटमध्येही मावते. राजपुत्र एक मजला पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर जिवाचा एक ठोका जातो, तीन मजले पडला की संपला. लांब उडीसाठी त्याला आधी धावायला जागा लागते. एका फरशीवर पाय पडला की फाटक वर जातं आणि मग हळूहळू खाली येऊ लागतं. दुसऱ्या एका फरशीने ते धाडकन बंद होतं. एवढ्याच भांडवलावर सारा खेळ उभा आहे.

हौशी रचनाकार ज्या पाठावरून शिकले, तो मूळ गेममधल्या चौथ्या लेव्हलमध्ये आहे. बाहेर पडायचा दरवाजा उघडून राजपुत्र आल्या वाटेने परत फिरतो, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेत आता आरसा उभा! बाजूने वाट नाही, कळीची फरशी नाही. धाव घेऊन आरशावर उडी मारायची, हा एकच उपाय. राजपुत्र आरपार जातो, त्याची सावली उलट दिशेला उडी घेऊन पळते आणि त्याच्यात एकच ठोका उरतो. ही उडी नवी नाही. आधीच्या तीन लेव्हलमध्ये खड्ड्यांवरून ती घोटून घेतलेली आहे. मेकनरने फक्त ती अशा ठिकाणी मागितली, जिथे ती कुणाला सुचणार नाही. खेळणाऱ्याला आधी शिकवायचं आणि मग शिकवलेलंच अनपेक्षित जागी विचारायचं, यात मला या कलेचं मर्म दिसतं.

चाहत्यांच्या वाट्याला इथे एक गमतीची अडचण येते. हा आरसा मूळ प्रोग्रॅममध्येच चौथ्या लेव्हलच्या ठरावीक खोलीला जखडलेला आहे. सावली पाचव्या लेव्हलमध्ये औषध पिऊन टाकते, आठव्यात उंदीर येऊन फरशीवर चढतो आणि अडकलेल्या राजपुत्राची सुटका होते. तेही तसंच ठरलेलं. प्रोग्रॅमला हात न लावणाऱ्याला उंदीर हवा असेल, तर आठवी लेव्हल त्या उंदराभोवतीच रचावी लागते. पादपूर्ती करणाऱ्या कवीला चरण दिलेला असतो, तसंच हे. आणि कस लागतो तोही तिथेच. नुसता उंदीर आणून सोडला तर ती नक्कल झाली. खेळणारा जिथे खरोखर हताश होऊन थांबेल, जिथे थांबणं हाच मार्ग असेल, तिथे उंदीर आला तर ती रचना झाली.

दुसरी सोय मात्र चाहत्यांनी मेकनरपेक्षाही मोकळ्या हाताने वापरली. कोणत्या खोलीच्या उजवीकडे कोणती खोली, याची नोंद खोलीगणिक वेगळी असते. त्यामुळे ‘अ’च्या उजवीकडे ‘ब’ असली, तरी ‘ब’च्या डावीकडे ‘अ’ असलीच पाहिजे असं नाही. माणूस आल्या पावली मागे फिरतो आणि भलतीकडेच पोचतो. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. भिंतीवरची मशाल, तुटलेली फरशी अशी एखादी खूण सोडून चकवा रचला, तर तो उलगडताना विलक्षण आनंद मिळतो. खूण नसलेला चकवा हा खेळणाऱ्याशी केलेला दगा आहे.

वसईच्या किल्ल्यात भुई दरवाजाने शिरताना मला हे सगळं आठवतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे हा तट उभा राहिला. भुई दरवाजाला एकामागे एक दोन दरवाजे आहेत आणि मधली वाट सरळ नाही. पहिला फोडून आत घुसलेल्याला वळावं लागतं आणि वळताना त्याची धाव मोडते. चांगला लेव्हल रचणारा खड्ड्याच्या अलीकडे भिंत उभी करून हेच साधतो. खड्डा तेवढाच असतो, पण धावायला जागा नसल्याने तो ओलांडता येत नाही.

मराठ्यांना वसई मिळाली ती दरवाजातून नव्हे. चिमाजी अप्पांच्या फौजेने सॅन सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून तट फोडला, तेव्हा मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. प्रिन्समध्ये सुरुंग नाही, पण छतातली ढिली फरशी आहे. तिच्याखाली उभं राहून उंच उडी मारली की ती कोसळते आणि वरची वाट खुली होते. वसईवर कुणी लेव्हल रचली, तर भुई दरवाजाचं वळण तिच्यात हवंच. दुसरं फाटक बंद असावं आणि ते उघडणारी फरशी कुठेही नसावी. खेळणाऱ्याने तिथे खुशाल डोकं आपटावं. वाट मात्र बुरुजाच्या छतातून असावी, आणि तशी एक ढिली फरशी त्याने दोन खोल्या आधी पाडलेली असावी. आपण उडी मारली की मजल्यावरच्या ढिल्या फरश्या खडखडतात. बुरुजाखाली वैतागून मारलेल्या उडीने ती एक फरशी हलली, तर लक्ष असणाऱ्याला तेवढं पुरे.