‘स्वीट होम अलाबामा’ : गाण्यातले ‘आम्ही’ कोण?

 आज एका गाण्याविषयी बोलायचं आहे. लेनर्ड स्किनर्ड या सदर्न रॉक बँडचं ‘स्वीट होम अलाबामा’. १९७४ साली ते बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. सुरुवातीची गिटार वाजली की पाय ताल धरतातच, आमचेही धरतात. पण पाय ताल धरत असताना शब्द काय म्हणताहेत, हेही ऐकायला हवं.

आधी थोडा इतिहास. १९६४ च्या सुमारास फ्लोरिडातल्या जॅक्सनविल गावची काही पोरं एकत्र आली. शाळेत लेनर्ड स्किनर नावाचे पीटीचे सर होते. मुलांनी केस वाढवलेले शाळेला चालत नसत आणि सर नियमाचे पक्के. पोरांनी सरांच्याच नावातले स्वर काढून तिथं ‘वाय’ बसवले आणि बँडचं नाव ठेवलं. म्हणजे नावातच सत्तेची खोडी आहे. पण ती शाळा तेव्हा कोणाच्या नावाची होती? रॉबर्ट ली यांच्या. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सेनापतीच्या. त्या नावाची खोडी मात्र या पोरांनी काढली नाही. पुढे १९७२ मध्ये अल कूपर यांनी अटलांटात हा बँड ऐकला आणि १९७३ मध्ये पहिला अल्बम आला.

आता गाणं. कॅनडाच्या नील यंग यांनी १९७० आणि १९७२ मध्ये दोन गाण्यांतून दक्षिणेला वर्णद्वेषाबद्दल खडसावलं होतं. त्याला हे उत्तर. गंमत म्हणजे ते रचणाऱ्या तिघांपैकी अलाबामाचा एकही नव्हता. रॉनी व्हॅन झँट आणि गॅरी रॉसिंग्टन फ्लोरिडाचे, एड किंग कॅलिफोर्नियाचे.

गाण्याचं मर्म एका कडव्यात आहे. बर्मिंगहॅमच्या लोकांचं गव्हर्नरवर प्रेम आहे, असं गायक म्हणतो. मागून नापसंतीचे आवाज येतात. मग, जमेल तेवढं सगळं केलं, असं तो सांगतो. हे गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस, १९६३ मध्ये वर्णभेद कायम ठेवण्याची शपथ घेणारे. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार कृष्णवर्णीय मुली मेल्या.

मग जमेल तेवढं केलं कुणी? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, आणि हे गाणं त्या एका शब्दाच्या आडोशाला उभं आहे. वॉलेसला आवडणारे ‘ते’, प्रयत्न करणारे ‘आम्ही’, आणि पुढच्याच ओळींत वॉटरगेटचा हवाला देऊन सदसद्‌विवेकाचा प्रश्न ‘तुम्हाला’! तर्कशास्त्रात ही पळवाट जुनीच. तुमचं घर घाण आहे, म्हणून आमचं स्वच्छ ठरत नाही.

पण न्याय दोन्हीकडे हवा. यंग यांनीही अख्ख्या प्रदेशाला एकाच दोरीत बांधलं होतं. आपल्या ‘अलाबामा’ गाण्याला मिळालेला तडाखा योग्यच होता, असं त्यांनी स्वतः २०१२ च्या आत्मकथनात मान्य केलं.

पार्श्वस्वरांतल्या दोन गायिका, मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग, कृष्णवर्णीय होत्या. क्लेटन यांनी १९७१ मध्ये यंग यांचं ‘सदर्न मॅन’ही गायलं होतं. त्या पुढे सांगत की हे गाणं आधी नकोच वाटलं होतं. मग निषेध म्हणूनच गायलं. म्हणजे आरोप आणि उत्तर, दोन्ही एकाच गळ्यातून आलं.

रेकॉर्डवर ही संदिग्धता जिवंत आहे. मैफलीत मात्र बँडच्या मागे दक्षिणी बंडखोर राज्यांचा झेंडा लागायचा, आणि त्या झेंड्याखाली ‘आम्ही’चा अर्थ एकच उरतो. १९७७ च्या विमान अपघातात व्हॅन झँट गेले. खुलासा करायला ते राहिले नाहीत.

घर प्रिय असण्यात गुन्हा नाही. पण त्या चार मुलींचंही घर बर्मिंगहॅमच होतं. ज्या ‘गोड घरा’त त्यांची मोजदाद होत नाही, त्याला ‘आपलं’ कसं म्हणायचं? पुढच्या वेळी हे गाणं लागेल तेव्हा ताल जरूर धरा, पण मागचे आवाजही ऐका.