दूरचे चित्र आणि दृष्टिरेषेचा नियम

विद्युतचुंबकीय लहरींचे प्रसारण शिकवताना अकरावी-बारावीच्या वर्गात एक विधान हमखास येते. सुमारे ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी आयनांबरातून परत येत नाहीत, त्या भेदून अंतराळात निघून जातात. म्हणून दूरचित्रवाणीचे ग्रहण दृष्टिरेषेपुरतेच होते. पाठोपाठ d = √2Rh हे सूत्र येते, मनोऱ्याची उंची दिलेले एक उदाहरण येते आणि विषय संपतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून तर २०२२ च्या काटछाटीत हे प्रकरणच गळाले. पण विधान वर्गांत, मार्गदर्शकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ठाण मांडून आहे.

विधान टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याची उंची ३०० मीटर. सूत्रात घातल्यास क्षितिज सुमारे ६२ किलोमीटरवर येते. पुणे त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर, मध्ये सह्याद्री. म्हणूनच मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले तरी पुणेकरांसाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावे लागले. रोजच्या व्यवहारात नियम चालतो. आमची तक्रार वेगळी आहे. जो अंगठ्याचा नियम आहे, तो निसर्गनियमाच्या थाटात शिकवला जातो. आणि याविरुद्ध साक्ष देणारे लोक गेली कित्येक दशके आपापल्या घराच्या गच्चीवर बसलेले आहेत.

हे लोक म्हणजे दूरची दूरचित्रवाणी केंद्रे घरच्या संचावर पकडण्याचा छंद असलेले हौशी. तारायंत्राच्या काळापासून दूरच्या अंतरासाठी वापरात असलेल्या ‘डीएक्स’ या संक्षेपावरून या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. भांडवल थोडेच: फिरवता येणारा अँटेना, साधा संच, पडद्याचे छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा आणि एक वही. स्थानिक केंद्र नसलेल्या वाहिनीवर संच लावून ठेवायचा आणि मुंग्यांकडे पाहत बसायचे. मग एखाद्या दुपारी त्या मुंग्यांतून अनोळखी लिपीतली पाटी किंवा एखादे चाचणी-चित्र वर येते, पाच-दहा मिनिटे, कधी तासभर टिकते आणि विरते. युरोपातल्या हौशींना मे ते ऑगस्टमध्ये दीड-दोन हजार किलोमीटरवरची केंद्रे अशी दिसत. हजाराच्या आतली मात्र क्वचितच. हा तपशील लक्षात ठेवावा. त्याचे उत्तर पुढे आपल्याच सूत्रातून निघणार आहे.

या छंदाचा सर्वांत नामांकित पुरावा १९३८ चा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे आरसीए कंपनीच्या अभियंत्यांनी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून निघालेले बीबीसीचे चित्र पडद्यावर पकडले आणि चित्रफितीवर उतरवले. सुमारे चार मिनिटांची ही मूक फीत आजही उपलब्ध आहे. चित्राची वारंवारता ४५ मेगाहर्ट्झ, अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. १९५७ मध्ये तर हेच लंडन केंद्र ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका हौशीने पाहिले. दोन्ही वर्षे सौरडागांच्या चक्राच्या शिखराजवळची होती, हा योगायोग नव्हे.

आता पुस्तकातली त्रुटी नेमकी कुठे आहे ते पाहू. आयनांबरावर लहर सरळ उभी पाठवली, तर एका ठरावीक वारंवारतेपर्यंतच ती परत येते. हिला क्रांतिक वारंवारता म्हणू. परंतु तिरपी पाठवलेली लहर याहून बऱ्याच मोठ्या वारंवारतेलाही परतते: क्रांतिक वारंवारतेला आपतन कोनाच्या कोज्येने भागावे. तळ्यात खडा सरळ टाकला तर बुडतो, तिरपा भिरकावला तर भाकऱ्या काढत जातो. उपमा अपुरी आहे, पण मुलांना दिशा देते. पुस्तके ३० हा आकडा देतात, कोन सांगत नाहीत. त्यामुळे जी मर्यादा सूर्य, ऋतू, तास आणि कोन यांबरोबर हलते, ती विद्यार्थ्याच्या मनात भिंत होऊन बसते.

सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, विशेषतः उन्हाळ्यात, आयनीभूत कणांचे पातळ आणि दाट पट्टे अधूनमधून तयार होतात. त्यांना तुरळक ई-थर म्हणतात. उल्का जळून उरलेल्या लोह, मॅग्नेशियम अशा धातूंचे आयन वेगवेगळ्या दिशांनी वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एका पातळ थरात गोळा होतात. या उंचीवरचा आपतन कोन पृथ्वीच्या गोलाईमुळे फार तर ८० अंशांच्या जवळ जातो. त्याची कोज्या ०.१८. म्हणजे थराची क्रांतिक वारंवारता १० मेगाहर्ट्झ असली, तरी सुमारे ५५ मेगाहर्ट्झची लहर परतू शकते. जुन्या दूरचित्रवाणीच्या खालच्या वाहिन्या नेमक्या ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होत्या!

आणि अंतर? फळ्यावर तेच √2Rh लिहा. फक्त h म्हणून मनोऱ्याऐवजी थराची उंची घाला. R = ६३७० आणि h = १०५ घेतल्यास उत्तर ११५६ किलोमीटर येते. एवढेच अंतर जाताना आणि एवढेच उतरताना. एकूण सुमारे २३०० किलोमीटर. हौशींच्या वह्यांतली एका उडीची कमाल मर्यादा हीच आहे. जवळचे केंद्र का दिसत नाही तेही उघड होते. अंतर कमी म्हणजे लहर अधिक उभी, आणि उभी लहर थर भेदून जाते. तीनशे किलोमीटरवरच्या एफ-थरासाठी हेच गणित सुमारे ३९०० किलोमीटर देते, म्हणजे लंडन ते न्यूयॉर्कला किमान दोन उड्या लागतात. ज्या सूत्राने दूरचे चित्र अशक्य ठरवले जाते, त्याच सूत्रात त्याचे स्पष्टीकरण दडलेले असावे आणि कोणत्याही पाठात त्याचा उल्लेख नसावा, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

आपल्या किनाऱ्याला तर आयनांबरापर्यंतही जावे लागत नाही. हवेचा अपवर्तनांक उंचीनुसार कमी होतो, त्यामुळे लहर किंचित खाली वाकते. हा उतार किलोमीटरमागे ०.०००१५७ इतका झाला, तर वाकणे पृथ्वीच्या गोलाईइतके होते (१ ला ६३७० ने भागून पाहावे). एरवी तो याच्या जेमतेम पावपट असतो. पावसाळ्याआधी अरबी समुद्रावरच्या दमट हवेवर कोरडी, उष्ण हवा पसरते तेव्हा तो उंबरठा ओलांडला जातो आणि लहरी जणू नळीतून वाहतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी हजार मैलांहून अधिक अंतरावरून येत. मोसमी पाऊस आला की ते नाहीसे होत. मृगजळ शिकवताना हे उदाहरण का देऊ नये?

मात्र हौशींच्या प्रत्येक दाव्यावर विश्वास ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. गूढकथांच्या पुस्तकांत एक किस्सा वारंवार छापला जातो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ‘केएलईई’ केंद्राचे नाव १९५० मध्ये बदलले. तरीही १९५३ मध्ये त्या जुन्या नावाची पाटी इंग्लंडमधल्या पडद्यांवर दिसली म्हणे. ती बनवाबनवी होती, हे नंतर उघड झाले. पण उघड होण्याची वाट तरी कशाला पाहायची? तीन वर्षे उशिरा आलेली लहर दीड प्रकाशवर्ष जाऊन परतलेली असली पाहिजे. तेथे परावर्तन करणारे काय आहे? सर्वांत जवळचा ताराच सव्वाचार प्रकाशवर्षांवर! परिपूर्ण आरसा मानला, तरी शंभर किलोमीटरवरच्या ग्रहणाच्या तुलनेत शक्ती १० च्या २२ व्या घाताहून अधिक पटींनी घटते. शिवाय अमेरिकेचे चित्र ५२५ रेषांचे, ब्रिटनचे ४०५ रेषांचे. आणि १९५३ मध्ये सूर्यचक्र तळाला आले होते. १९३८ ची फीत या सगळ्या कसोट्यांना उतरते, ही पाटी एकीलाही नाही. ‘अशक्य’ या एकाच शब्दाने दोन्ही झटकणारा शिक्षक विद्यार्थ्याला त्यांतला फरक शिकवूच शकत नाही.

छंदाचा स्वतःचाही एक दोष आहे. वहीत फक्त दिसलेली केंद्रे लिहिली जातात. कोऱ्या गेलेल्या संध्याकाळींची नोंद नसते. त्यामुळे थर किती दिवस होता आणि पाहणारा किती दिवस जागा होता, हे वेगळे काढता येत नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांच्या नोंदी पद्धतशीरपणे गोळा केल्या गेल्या. शिस्त असली की हौस उपयोगी पडते, ती अशी.

ॲनालॉग प्रक्षेपण आता बहुतेक देशांत बंद झाले आहे. दूरदर्शननेही मार्च २०२२ पर्यंत मोजके प्रक्षेपक वगळता ते आवरले. अंकीय चित्र एक तर पूर्ण येते, नाही तर येतच नाही. मुंग्यांतून ओळखण्याची मजा गेली. पण एफएम रेडिओ अजून ॲनालॉग आहे आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हवेच्या नळीचा परिणाम चांगला जाणवतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील शाळांनी मार्च ते मे या काळात पहाटे आणि सूर्यास्तानंतर रोज दहा मिनिटे, स्थानिक केंद्र नसलेल्या तीन ठरावीक वारंवारता ऐकाव्यात. वहीत तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता आणि ऐकू आलेली भाषा असे रकाने आखावेत. ‘काहीच नाही’ हा रकाना मात्र पहिला ठेवावा, आणि तो रोज भरावा.