कॅमेरा कोणाच्या हाती?

आमच्या बेसा गावी पूर्वी तुरी-कपाशीची वावरे होती. आता तेथे लेआउट पडले आहेत आणि फ्लॅट-स्कीमच्या फाटकाफाटकावर कॅमेरा टांगलेला आहे. शाळेतही तो आला. पहिले चार दिवस पोरांनी त्याला वाकुल्या दाखवल्या, मग ती विसरली. पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा, ही वाटणी आपण सर्वांनीच किती मुकाट्याने मान्य केली आहे! मुंबईच्या 'कॅम्प' या कलावंतमंडळाने ती मान्य केली नाही, म्हणून त्याच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली हे मंडळ काढले. कलावंतांनी एकत्र येणे मुंबईला नवे नव्हे. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप स्थापला. त्यातले रझा तर आमच्या नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले. पण त्या संघातला प्रत्येक जण आपले चित्र आपण रंगवी आणि खाली आपली सही करी. 'कॅम्प'ची कृती अनेकांची मिळून होते, आणि तिच्यात हाताच्या कसबाआधी कल्पना येते. हा पंथ १९६० नंतर पाश्चात्त्य देशांत निघाला. इंग्लंडातल्या 'आर्ट अँड लँग्वेज' या मंडळाने तर कलेविषयीची चर्चा हीच कलाकृती म्हणून मांडली. अशा कलेपुढे साधा माणूस विचारतो, 'यात पाहायचे काय?' प्रश्न रास्त आहे, आणि नुसती कल्पना दाखवून त्याचे उत्तर मिळत नाही.

'कॅम्प'पाशी ते उत्तर आहे. जेरुसलेममध्ये या मंडळाने पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर पहाऱ्याचे कॅमेरे बसवले आणि ते फिरवण्याची कळ त्या कुटुंबांच्याच हाती दिली. घरात बसून माणसे शेजार पाहतात, हातची गेलेली घरे पाहतात आणि बोलतात. यंत्र तेच, पण माणूस बदलला आणि पहाऱ्याची आठवण झाली! २०१३ सालच्या 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' या चित्रपटात कच्छच्या आखातातून इराणच्या आखाताकडे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे लाकडी गलबते नेणारे खलाशी आहेत. त्यातले पुष्कळसे चित्रण खलाशांनीच आपल्या मोबाइलवर केलेले, त्यावरची गाणीही त्यांच्याच आवडीची. शेळ्यामेंढ्या, मोटारी, तांदूळ वाहणारी ही माणसे स्वतःला कशी पाहतात, हे बाहेरच्या छायाचित्रकाराला कधी साधले नसते.

आता माझी तक्रार. २०२२ सालच्या 'बॉम्बे टिल्ट्स डाउन'मध्ये मध्य मुंबईतल्या ३५ मजली इमारतीच्या माथ्यावरचा कॅमेरा क्षितिजापासून हळूहळू खाली उतरतो आणि सात पडद्यांवर टॉवर, पत्र्यांची छपरे, रस्त्यावरची माणसे दिसतात. दृश्य विलक्षण आहे, नजर हलत नाही. परंतु येथे खालच्या माणसाच्या हाती कळ नाही. गच्चीवरून पाहणे ही मालकाचीच नजर, ती कलावंताची झाली म्हणून तिचा उंचपणा जात नाही. शाहिरीच्या सुरांनी तो थोडा झाकतो, इतकेच. ज्यांनी आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवले, त्यांनाच तो विचारणे भाग आहे.

या विचाराचा पगडा आजच्या कलेवर मोठा आहे. जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात 'कॅम्प' २०१२ साली होते. २०२२ साली त्या प्रदर्शनाची सूत्रेच जकार्ताच्या 'रुआंगरुपा' या मंडळाकडे दिली गेली. २०२५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'कॅम्प'चे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मला मात्र या सन्मानाहून त्यांचे 'पॅड डॉट मा' मोलाचे वाटते. २००८ पासून इतर संस्थांच्या सोबतीने चालवलेले हे चित्रफितींचे भांडार बेसाच्या मास्तरालाही घरबसल्या उघडता येते.

हे सारे वाचून झाल्यावर एकदा वर्गात विचारले, 'हा कॅमेरा एक दिवस तुमच्या हाती दिला तर कुठे फिरवाल?' कोणी मैदान म्हणाले, कोणी मास्तरांची खोली! मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'आई ज्या स्कीमवर विटा वाहते, तिकडे. म्हणजे ती केव्हा निघाली ते मले दिसन.'

फाटकावरचा कॅमेरा तिच्या आईला रोज पाहतो.