रात्री कोण उठतं? : बुलढाण्यातून 'अस्तु' पाहताना

'अस्तु' मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा पुण्यात, हॉस्टेलवर, मैत्रिणींसोबत. तेव्हा खूप रडले आणि सगळ्यांना 'बघाच' असे मेसेज पाठवले. दुसऱ्यांदा आईबरोबर, आमच्या गावी, मोबाईलवर. तिसऱ्यांदा हा लेख लिहायचा म्हणून. खरं तर दुसऱ्या वेळेबद्दलच सांगायचं आहे. कारण पहिल्या वेळी मी एका म्हाताऱ्या माणसाचा सिनेमा पाहिला होता, आणि दुसऱ्या वेळी त्या माणसाला सांभाळणाऱ्या बाईचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना अल्झायमर झालाय. भूमिका केली आहे मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीतून घेऊन निघालेली असताना त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो, आणि ते उतरून त्याच्या मागे चालू लागतात. मग एकीकडे शोधाशोध, दुसरीकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. तिची भाषा कानडी वळणाची. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आमच्या घराकडे येते.

जून २०२०. लॉकडाऊनमुळे मी कॉलेजातून घरी परत आलेली, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष अर्धवट. लोणार आमच्या गावापासून तासाभरावर. त्याच महिन्यात लोणारचं सरोवर गुलाबी झालं. एरवी ते हिरवट दिसतं. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास, आणि अशा पाण्यात मजेत राहणारे नीलहरित सूक्ष्मजीव, ज्यांतलं स्पिरुलिना हे नाव तुम्ही गोळ्यांच्या डब्यावर वाचलं असेल, ते त्याला हिरवा रंग देतात. मग एकाएकी गुलाबी कसं? गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लवणासुराच्या रक्तापासून कोरोनापर्यंत सगळी कारणं येऊन गेली.

शास्त्रज्ञांचा पहिला अंदाज ड्युनालिएला या शैवालाचा होता. खाऱ्या पाण्यातलं हे सूक्ष्म शैवाल, मिठागरांच्या पाण्यालाही लाली आणणारं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं आणि पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. तिथे कळलं की रंग शैवालाचा नाही, हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि त्यांची संख्या अफाट वाढली. नमुना काही काळ स्थिर राहिला की हे जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ व्हायचं.

मी ही बातमी आईला उत्साहानं सांगत होते आणि आई म्हणाली, "आपल्या घरातल्या पान्याचं पन तपास ना बाई."

घरातलं पाणी म्हणजे आजी. आजी तेव्हा रोज आईवर पाटल्या चोरल्याचा आळ घेत होती. पाटल्या बाबांनी कपाटात ठेवल्या होत्या. काढून दाखवल्या की आजी तासभर शांत, मग पुन्हा तेच. आमच्या घरातला पहिला अंदाज साधा होता: सासूपणा. तीस वर्षांचं जुनं भांडण, आता म्हातारपणी जीभ सुटली. शेजारच्या काकू म्हणायच्या, म्हातारचळ. हा अंदाज चुकीचा आहे हे कळायला दीड वर्ष गेलं. चोरीचा संशय हे डिमेन्शियाचं अगदी नेहमीचं लक्षण आहे, आणि आळ बहुतेक वेळा जी व्यक्ती सगळ्यात जास्त करते तिच्यावरच येतो, कारण दिवसभर समोर तीच असते. हे आईला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या दीड वर्षातलं निम्मं रडणं वाचलं असतं.

एप्रिल २०२१ मध्ये सुमित्रा भावे गेल्या. फेसबुकवर सगळे 'अस्तु'बद्दल लिहीत होते. मी ठरवलं, आईला दाखवायचा. मनातून थोडा शहाणपणाही होता. आई रात्री आजीच्या खोलीला बाहेरून कडी लावायची, आणि मी नेटवर वाचून तिला सुनावलं होतं की हे अमानुष आहे. आई काही बोलली नव्हती. मला वाटलं, सिनेमा पाहील तर समजेल.

दोन तासांचा सिनेमा पाहायला आम्हाला चार दिवस लागले. दर वीस मिनिटांनी आजी हाक मारायची. पाणी. लघवी. कोण आलंय. माझे पैसे कुठं. आई उठायची, मी पॉज करायचे. चन्नम्मा ज्या मायेनं शास्त्रींना जवळ करते, तो भाग पाहताना माझे डोळे पुन्हा भरून आले. आई म्हणाली, "चांगली हाये ती. पन तिच्याकडं तो एकच दिवस आहे ना?"

आणि थोड्या वेळानं, इराकडे बघत: "हिच्या घरी रात्री कोन उठते?"

या दोन वाक्यांपलीकडे 'अस्तु'वर मी जे काही वाचलं ते मला आता अपुरं वाटतं. आपण सगळ्यांनी चन्नम्माबद्दल लिहिलं. स्मृती गेली तरी माणूस उरतो, भाषा गेली तरी स्पर्श उरतो, वृद्ध माणूस हे पुन्हा मूल होतं, तर आपण त्याची आई व्हायचं. सिनेमात हे सगळं आहे आणि ते खोटं नाही. पण 'मूल' ही उपमा सांभाळणाऱ्यावर अन्याय करते. मूल दर महिन्याला थोडं कमी काम देतं. आज भरवावं लागतं, उद्या ते स्वतः खातं, आणि त्या आशेवर आई जागते. आजी दर महिन्याला थोडं जास्त काम देत होती. तिला भरवायला शिकून आई कुठेही पोचणार नव्हती.

'अस्तु' म्हणजे असो, तसं होवो. सिनेमा इराला स्वीकाराकडे नेतो. माझा आक्षेप इथे आहे. हा स्वीकार तिच्या आत घडतो, तो तिच्या समजुतीचा आणि संस्काराचा प्रश्न म्हणून येतो. तिची चिडचिड, थकवा, अपराधीपणा हे सगळं सिनेमा प्रामाणिकपणे दाखवतो. मराठीत त्याआधी इतक्या सरळपणे कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. पण तो थकवा नेमका कशाचा, हे पडद्यावर फार कमी दिसतं. किती चादरी, किती रात्री, कुणाची नोकरी, कुणाचा पगार. स्वीकारायलाही आधी झोप झालेली असावी लागते.

हे सिनेमाकडून मागणं बरोबर आहे का? सिनेमा म्हणजे आरोग्य खात्याचं पत्रक नाही. मान्य. पण भावे यांच्याकडून ही अपेक्षा करता येते, कारण त्या आल्याच मुळी समाजकार्यातून. १९८५ साली 'बाई' या लघुपटापासून त्यांनी सुरुवात केली ती बायकांच्या रोजच्या जगण्याकडे नीट बघण्यासाठी. त्यांच्याच 'कासव'मध्ये ही नजर मला जास्त धीट वाटते. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ, आणि नैराश्यानं खचलेल्या अनोळखी तरुणाला घरात ठेवणारी जानकी. तिथे काळजी घेणं एकटीच्या मनात घडत नाही. घरात यदू आहे, गावातली माणसं आहेत, जानकीचे स्वतःचे उपचार चालू आहेत. सांभाळणारीलाही कुणीतरी सांभाळतंय. 'अस्तु'मध्ये मला हेच कमी पडतं.

आणि ही नुसती भावनेची गोष्ट नाही. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबं. त्यातल्या निम्म्यांकडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात. आजार काय आहे ते सांगायचं, आळ आला किंवा रात्री जागरण झालं तर काय करायचं ते सांगायचं, आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचं ऐकायचं. रुग्णांच्या लक्षणांत ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात. आजार तोच, घर तेच, पण आतली बाई थोडी कमी मोडली.

भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे आपल्या सिनेमातला संस्कृतचा प्राध्यापक हा अपवाद, आणि माझी अंगठा लावणारी आजी नेहमीचं उदाहरण. शास्त्री विसरतात तेव्हा ज्ञानाचा एक डोंगर ढासळताना आपल्याला दिसतो. आजी विसरली ते ज्वारीचं बी कधी टाकायचं, कोणत्या देवाला कोणता वार, चुलतसासऱ्याचं नाव. ते कुठल्या ग्रंथात नव्हतं, म्हणून कुणाला ढासळताना दिसलंही नाही. या आजीवर सिनेमा अजून झालेला नाही.

कडीबद्दल सांगायचं राहिलं. सिनेमा पाहून संपला त्या रात्री मी आईला म्हटलं, आज मी झोपते आजीच्या खोलीत, कडी लावू नको. आजी अकराला उठली, साडेबाराला उठली, दीडला, अडीचला. साडेतीनला माझा डोळा लागला, आणि जाग आली ती मागचं दार वाजलं म्हणून. आजी अंगणात विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती. मी तिला धरून आत आणलं, आणि खोलीतून बाहेर येऊन मीच कडी लावली.

सकाळी आईनं काही विचारलं नाही. चहा देताना फक्त म्हणाली, "तो पिक्चर ज्या बाईनं केला, तिनं कोनाचं तरी केलं असंल. नाही तर इराचं तोंड असं नसतं दाखवलं."

आजी गेली त्याला आता दोन वर्षं झाली. परवा तिसऱ्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा मी चन्नम्माकडे फार पाहिलंच नाही. इराकडेच पाहत होते. आईचं बरोबर आहे. त्या चेहऱ्यावर जागरण आहे.