कॅरीचे मराठी व्याकरण : एका अधिकारी-अभ्यासक्रमाची चिकित्सा

समुद्रापलीकडून येणाऱ्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशभाषा शिकविण्यासाठी लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले. विल्यम कॅरीचे १८०५ चे मराठी व्याकरण हे त्याच योजनेचे फळ होय. आरंभीचा मुद्रित ग्रंथ म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु ज्या हेतूने तो रचला गेला, त्या हेतूच्या कसोटीवरही तो पारखून पाहिला पाहिजे.

व्याकरणास नित्य व्यवहारातील संभाषणे जोडलेली आहेत, हा त्याचा मोठा गुण. रूपावली पाठ केलेल्यास विभक्ती ओळखता येते. दारी आलेल्या रयतेचे गाऱ्हाणे उमगेलच असे नाही. भाषा प्रसंगातून शिकावी, हे तत्त्व कॅरीने जाणले होते. १८१० च्या कोशात त्याने मराठी शब्द मोडीत छापले, त्यामागेही व्यवहाराचीच दृष्टी दिसते. कारण दफ्तरातील कागद मोडीत असत.

दोष आहे तो योजनेत. कलकत्त्यास वर्ग सुटला की मराठी कानांआड होई. शिकणाऱ्याची सारी भिस्त पंडितावर. कॅरीचे प्रमुख साहाय्यक वैजनाथ पंडित. वाङ्मयेतिहासकार त्यांना नागपूरकर मानतात. एका व्यक्तीची, तीही शास्त्र्याची, भाषा सर्व मराठी मुलखाची म्हणून शिकविली जावी, हा पंडिताचा नव्हे, मांडणीचा दोष होय. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश मुंबई इलाख्यात, अनेक शास्त्र्यांच्या साहाय्याने सिद्ध झाला. दोहोंतील अंतर विद्वत्तेपेक्षा स्थळाचे अधिक आहे.

१८५४ साली फोर्ट विल्यम कॉलेज बंद झाले, आणि त्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. ज्या प्रांताच्या पंडिताकडून कंपनीने मराठी घेतली, तो प्रांत तिच्या हाती आला, तेव्हा तेथे मराठीशेजारी हिंदी आणि गोंडीही बोलल्या जात होत्या. ग्रंथातील मराठी तेथे अपुरी पडणे स्वाभाविकच होते.

आज परराष्ट्र सेवेतील अधिकारी नेमून दिलेली परकीय भाषा बहुधा ती बोलणाऱ्या देशात राहून शिकतो. प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यास मात्र राज्याच्या भाषेचे पहिले धडे मसुरीस मिळतात. ती प्रत्यक्ष कानी पडते ती पुढे जिल्ह्यात. म्हणून अभ्यासक्रम आखताना किती तास शिकवावे याआधी कोणाचे बोलणे ऐकवावे, हे ठरले पाहिजे. अर्जदाराची बोली ज्याला कळत नाही, त्याची परीक्षेतील उत्तीर्णता कागदावरच राहते.